कपटनायकाची मोहिनी

दुर्जनाची कथा सज्जनांस इतकी प्रिय कां असावी, हा प्रश्न साहित्याइतकाच जुना आहे. ज्या घरांत एखाद्या लबाड सोयऱ्यास उंबरठा ओलांडूं देत नाहींत, त्याच घरचीं माणसें रंगभूमीवरील लबाडास डोक्यावर घेतात, त्याचे उद्गार घरीं घेऊन येतात आणि पुढें वर्षानुवर्षें ते म्हणींप्रमाणें वापरतात. त्याच नाटकांतील सदाचरणी पुरुष मात्र पडदा पडतांच विस्मृतींत जातो. हें पाहून उपदेशक चिडतात, शिक्षक खिन्न होतात, आणि नाटककार मनांतल्या मनांत हंसतात. आम्ही शिक्षकांच्या वर्गांतले. तरी खिन्न होण्यापूर्वीं कारण शोधावें असें आम्हीं योजिलें आहे. तें शोधतांना केवळ नाटकांकडे न पाहतां, वरंध घाटाच्या पायथ्याकडील आमच्या मुलुखांत, महाडास, इ. स. १७९६ सालीं शिजलेल्या एका खऱ्या कारस्थानाकडेहि वाचकांचें लक्ष वेधण्याचा आमचा विचार आहे. कारण ह्या प्रश्नाचें उत्तर नाटकगृहांत जितकें सांपडतें तितकेंच इतिहासांतहि सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

ही तक्रार नवी नाहीं. प्लेटोनें आपल्या आदर्श नगरांतून कवींस घालवून दिलें तें अशाच भीतीनें. डॉक्टर जॉन्सन ह्यांनीं १७५० सालीं आपल्या 'रँबलर' पत्रांत नव्या कादंबऱ्यांविषयीं लिहितांना असें बजाविलें कीं, गुण आणि दोष एकाच पात्रांत सारखे मिसळले म्हणजे तरुण वाचक गुणांच्या भरांत दोषांचा तिटकारा विसरतो. मिल्टननें १६६७ सालीं आपलें महाकाव्य प्रसिद्ध केलें तें ईश्वराचा न्याय माणसांस पटावा म्हणून; परंतु पुढील पिढ्यांतील कित्येक वाचकांनीं त्यांतील सैतानासच नायकाच्या जागीं बसविलें. आमच्याकडेहि हीच गोष्ट. मृच्छकटिकांतील शर्विलक हा चोर. चारुदत्ताची भिंत फोडतांना भोंक कोणत्या आकाराचें पाडावें ह्याचा तो एखाद्या शास्त्र्याप्रमाणें ऊहापोह करितो, आणि मोजण्याची दोरी विसरल्याचें ध्यानांत येतांच अंगावरील जानव्यानें माप घेतो! गोविंद बल्लाळ देवलांनीं हें नाटक मराठी रंगभूमीवर आणिलें. ज्याची भिंत फुटते तो चारुदत्त आम्हांस पूज्य आहे. पण ती फुटत असतां आमचें लक्ष त्याच्याकडे नसतें, शर्विलकाच्या हातांकडे असतें.

आमच्या मुलुखांतलींच उदाहरणें घ्यावयाचीं तर दूर जावयास नको. भोरकडून वरंध घाट उतरून महाडाकडे आलें म्हणजे त्याच खोऱ्यांत शिवथरची घळ लागते. श्रीसमर्थांनीं दासबोध येथें रचिला असें परंपरा सांगते. १९३० सालीं शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं ही घळ पुन्हां उजेडांत आणिली. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दुसरा उत्तमलक्षणांचा आहे. दोन्ही समास एकाच हातचे, एकाच हेतूनें लिहिलेले. परंतु दासबोध फारसा न वाचणाऱ्यासहि मूर्खलक्षणें ठाऊक असतात. उत्तमलक्षणें आठवून सांगणारा विरळा. तसेंच दक्षिण कोकणांतील दशावताराचें. पूर्वरंगांत संकासुर येतो. वेद चोरणारा हा दैत्य. विष्णूच्या हातून त्याचा वध व्हावयाचा हें लहान पोरासहि माहीत असतें. तरीहि प्रेक्षक वाट पाहतात ती त्याचीच, कारण देव ठराविक बोलतात आणि संकासुर गांवच्या बोलींत वाटेल तें बोलतो. मूर्खाकडे पाहणें आणि दुष्टावर लुब्ध होणें ह्यांत अंतर आहे हें खरें. पण दोहोंचें बीज एकच दिसतें: मनुष्याचें लक्ष नियम पाळणाऱ्यापेक्षां नियम मोडणाऱ्याकडे आधीं जातें.

ह्या आकर्षणाचीं तीन स्पष्टीकरणें सामान्यतः दिलीं जातात. पहिलें असें कीं, दुर्जन नायक आमच्या दडपलेल्या वासना आमच्या वतीनें पुऱ्या करितो. ह्यांत तथ्य आहे, पण थोडें. तसें असतें तर वासना पुरविणारा प्रत्येकजण आम्हांस आवडावयास हवा होता. मृच्छकटिकांतच राजाचा मेहुणा शकार आहे. शर्विलक मदनिकेच्या प्राप्तीसाठीं चोरी करितो आणि शकार वसंतसेनेच्या लोभानें तिचा गळा दाबतो. वासना दोघांचीहि आहे; परंतु एकावर आम्ही लुब्ध होतों आणि दुसऱ्यास नुसते हंसतों. दुसरें स्पष्टीकरण असें कीं, शेवटीं दुर्जनास शासन होतें, म्हणून तोंपर्यंत त्याचें कौतुक करण्यास प्रत्यवाय वाटत नाहीं. हेंहि पुरें पडत नाहीं. कौतुक शासनाच्या कितीतरी आधीं उत्पन्न होतें, आणि ज्यांस शासन होत नाहीं अशा कपटनायकांविषयींहि तें उणें होत नाहीं. तिसरें स्पष्टीकरण सर्वांत मान्य आहे: हें सारें कल्पित असतें, कोणाचें खरें रक्त सांडत नाहीं, म्हणून नीतीचा पहारा तेवढा वेळ ढिला पडतो. ह्या तिसऱ्या मताची परीक्षा मात्र खऱ्या इतिहासावरच होऊं शकते, आणि त्यासाठीं आतां महाडास जावयाचें आहे.

१७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव पेशवे वारले आणि त्यांच्या नांवानें वर्षानुवर्षें राज्य हांकणारे नाना फडणवीस एकाएकीं निराधार झाले. गादीचे जवळचे वारस म्हणजे ज्याच्याशीं नानांनीं जन्मभर वैर केलें त्या रघुनाथरावाचे पुत्र. नानांनीं प्रथम बाजीरावास दूर ठेवण्याची खटपट केली, मग त्याच्याशींच सख्य केलें. तेव्हां दौलतराव शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या आणि परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांनीं बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा ह्यास पेशवा केलें. नाना आधींच पुण्यांतून निघून गेले होते. आपणांस पकडण्याचा बेत आहे हें ओळखून ते वाईहून कोकणांत उतरले आणि महाडास येऊन राहिले. प्रतापगडावर आणि रायगडावर त्यांनीं बंदोबस्त केला. पुणें शत्रूंच्या हातीं, पेशवा शत्रूंचा, आणि वय पन्नाशीच्या पलीकडे. दुसरा एखादा काशीस गेला असता.

नाना पत्रें लिहीत बसले. महाडाहून त्यांनीं जें जाळें विणलें तें वाचतांना आजहि श्वास रोखला जातो. ज्या शिंद्यांनीं त्यांस पळावयास लाविलें, त्याच शिंद्यांस परशुरामभाऊंची जहागीर, अहमदनगरचा किल्ला आणि दहा लाखांचा मुलूख देऊं करून त्यांनीं आंतून फोडिलें. शिंद्यांच्या गोटांतील हें सूत्र हलविण्यासाठीं कागलचे सखारामराव घाटगे, जे पुढें सर्जेराव म्हणून प्रसिद्धीस आले, ते मध्यस्थ मिळविले. तुकोजी होळकर अनुकूल करून घेतले, नागपूरकर भोंसल्यांस वचनें दिलीं. निजामाशीं १७९६ च्या ऑक्टोबरांत महाडास तह ठरला, आणि त्यांत एकोणीस महिन्यांपूर्वीं खर्ड्याच्या लढाईनें मराठ्यांनीं मिळविलेला मुलूख परत देण्याचें आणि येणें राहिलेली खंडणी सोडण्याचें नानांनीं मान्य केलें. म्हणजे स्वतःच्याच कारभारांतील सर्वांत मोठा विजय त्यांनीं स्वतःच्या पुनरागमनासाठीं मोडून दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस शिंद्यांनीं आपल्याच कारभाऱ्यास, बाळोबातात्यास, कैद केलें. परशुरामभाऊहि लवकरच सांपडले. डिसेंबरांत बाजीराव पेशवा झाला आणि नाना पुन्हां कारभारी होऊन पुण्यांत बसले. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत ह्या प्रकरणाचें वर्णन मोठ्या आश्चर्यानें केलें असून, ह्याच करामतीमुळें समकालीन युरोपियन लोक नानांस मराठ्यांचा मॅकिॲव्हेली म्हणूं लागले असें तो सांगतो.

आतां वाचकांनीं स्वतःच्या मनाशीं प्रामाणिकपणें विचारावें. वरील हकीकत वाचतांना आपण कोणाच्या बाजूस होतों? हें सारें कल्पित नव्हे. ह्या माणसांनीं खरीं वचनें मोडलीं, खरा मुलूख सोडला, खऱ्या माणसांस कैद केलें. तरी कारस्थान सिद्धीस जावें अशीच इच्छा मनांत उत्पन्न झाली असेल. नाना हे केवळ स्वार्थी होते असें आम्ही म्हणत नाहीं. बारभाईंच्या काळापासून त्यांनीं राज्य सांवरलें हें सर्वमान्य आहे. परंतु महाडच्या मुक्कामांतलें आपलें कौतुक त्या पूर्वपुण्याईचें नसतें, तर डाव उलटविण्याच्या त्या हातोटीचें असतें. तेव्हां कल्पितपणा हें ह्या आकर्षणाचें मूळ नव्हे. कथेच्या रचनेंतच असें कांहीं असलें पाहिजे कीं जें इतिहासांत आणि नाटकांत सारखेंच चालतें.

आमच्या मतें तेथें तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली कौशल्य. मनुष्यास कोणतेंहि काम उत्तम रीतीनें होत असलेलें पाहण्याची उपजत आवड आहे. तें काम चांगलें कीं वाईट हा विचार मागाहून येतो. शर्विलकाची भिंत आणि नानांचीं पत्रें ह्या दोहोंत हीच आवड तृप्त होते, आणि शकारापाशीं तीच नाहीं म्हणून तो हास्यास्पद होतो.

दुसरी गोष्ट विश्वास. कपटनायक सर्वांस फसवितो, फक्त प्रेक्षकांस फसवीत नाहीं. शेक्सपियरचा तिसरा रिचर्ड पहिल्याच प्रवेशांत आपला सगळा बेत आम्हांस उघड सांगतो. आपल्या भावासहि जें तो कळूं देत नाहीं तें आम्हांस ठाऊक असतें, आणि गुपित ठाऊक असलेला मनुष्य नकळत कटांतला होतो. इतिहास वाचणाऱ्याचेंहि तसेंच होतें. बाळोबातात्यास जें कैद होईपर्यंत कळलें नाहीं तें वाचकांस आधींच ठाऊक असतें. ते जणूं महाडास नानांच्या शेजारीं बसून पुण्याकडे पाहत असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे टीकाकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. ती म्हणजे बळी कोठें उभा केला आहे ही. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकांत दारू पिणारे दोघे आहेत, सुधाकर आणि तळीराम. १९१९ पासून आजपर्यंत सुधाकराविषयीं प्रेक्षकांस कीव वाटत आली, संताप वाटत आला. कौतुक कोणास वाटलें नाहीं. तळीराम मात्र सर्वांचा लाडका. वास्तविक सुधाकरास पहिला प्याला देणारा तोच, आणि 'आर्य मदिरा मंडळ' चालविणाराहि तोच. असें असून हा भेद कां? सुधाकराच्या व्यसनाचा बळी, सिंधु, आमच्या डोळ्यांपुढें कणाकणानें झिजते. तळीरामाच्या पत्नीचे, गीतेचे, हाल विनोदाच्या अंगानें येतात, आणि विनोदानें हाल दिसेनासे होतात. पाप तेंच, परंतु एकाची किंमत मोजणारी व्यक्ति उजेडांत आहे आणि दुसऱ्याची अंधारांत.

ह्यावर कोणी म्हणेल, आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' ह्या १९६२ च्या नाटकाचें काय? तें तर न्यायालयांत घडतें, आणि फसविलेल्या स्त्रिया साक्षीस उभ्या राहतात. तरी निपाणीचा लखोबा लोखंडे महाराष्ट्राचा इतका आवडता झाला कीं नाटकाचें नांवच जबाबदारी झटकणाऱ्याचें ब्रीदवाक्य बनलें. आक्षेप योग्य आहे, आणि त्यानें आमचें म्हणणें अधिक नेमकें करण्यास मदतच होते. बळी रंगभूमीवर असणें पुरेसें नसतें. प्रेक्षकांची नजर त्याच्यावर खिळावी लागते. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एका वेषांतून दुसऱ्या वेषांत शिरत, लखोबाचे दिवाकर दातार, दातारांचे कॅप्टन परांजपे आणि त्यांचे राधेश्याम महाराज होत. प्रत्येक साक्षीच्या वेळीं प्रेक्षकांच्या मनांत प्रश्न असे तो पुढचें सोंग कोणतें हा. ती स्त्री घरीं गेल्यावर तिचें पुढें काय झालें असेल, हा विचार मनांत येण्यास नाटकाच्या वेगांत सवडच उरत नसे. अत्र्यांनीं हें नाटक एका प्रत्यक्ष खटल्यावरून रचिलें होतें, म्हणजे त्या सोंगांमागें खऱ्या स्त्रिया होत्या, ही गोष्टहि त्या टाळ्यांत बुडून जाई.

आतां पुन्हां इतिहासाकडे वळूं. महाडच्या कथेचा शेवट आम्हीं वर १७९६ च्या डिसेंबरांत केला. कथा म्हणून तो शेवट सुंदर आहे. पण इतिहास तेथें थांबला नाहीं. ज्यांनीं नानांस परत आणिलें त्यांनींच वर्षभरांत, १७९७ च्या अखेरच्या दिवशीं, त्यांस कैद केलें. बाजीरावानें गादीच्या मोबदल्यांत शिंद्यांस कबूल केलेला पैसा कोठून यावयाचा हा प्रश्न होता, आणि १७९८ त त्याचें उत्तर पुण्याच्या नागरिकांकडून वसूल करण्यांत आलें. ही वसुली करणारे कोण? तेच सखारामराव घाटगे, ज्यांस महाडच्या कारस्थानानें पुढें आणिलें होतें. सावकारांस, जुन्या कारभाऱ्यांस आणि सधन गृहस्थांस पकडून, मारहाण करून पैसे काढण्यांत आले. नानांच्याच नात्यांतले गंगाधरपंत भानु तापलेल्या तोफेवर बांधले गेले आणि तेथेंच त्यांनीं प्राण सोडिला, असें ग्रँट डफ नमूद करितो.

पुण्याच्या ह्या लुटीस नाना सर्वस्वीं जबाबदार होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. ती झाली तेव्हां बराच काळ ते स्वतः नगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. पण तिचीं मुळें महाडच्या त्या पत्रव्यवहारांतहि गेलेलीं आहेत, आणि ही दोन प्रकरणें आपण एका श्वासांत कधीं वाचीत नाहीं. शाळेंत मुत्सद्देगिरीचा धडा एका पानावर असतो आणि पुण्याच्या लुटीचा दुसऱ्या. मधल्या पानांच्या अंतरानें नाना कौतुकाचे राहतात आणि सर्जेराव द्वेषाचे. नाटककार विनोदानें किंवा वेगानें जें साधतो, तेंच इतिहासकार प्रकरणें पाडून साधतो.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे 'घाशीराम कोतवाल' नाटकाच्या वादाकडेहि निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें. पुण्याचा कोतवाल घाशीराम ह्याच्या कोठडींत १७९१ सालीं तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि क्षुब्ध जमावानें घाशीरामास दगडांनीं ठार केलें, ही मूळ घटना. विजय तेंडुलकरांचें नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें. त्यांतील नाना विलासी आणि धूर्त. घाशीरामास वाढविणारे तेच आणि वेळ येतांच जमावाच्या स्वाधीन करणारेहि तेच. नानांची बदनामी झाली असा गहजब झाला, आणि कांहीं प्रयोगांनंतर मूळ संस्थेनें तें थांबविलें. पुढें थिएटर अकादमीनें तें पुन्हां उभें केलें आणि परदेशांतहि नेलें. नाटकांतले नाना इतिहासाशीं जुळत नाहींत, ही आक्षेपकांची तक्रार बऱ्याच अंशीं खरी आहे. तेंडुलकरांनींहि तें ऐतिहासिक नाटक असल्याचा दावा केला नाहीं. परंतु ज्या चातुर्यासाठीं इतिहासांतील नानांचा गौरव करावयाचा, तेंच चातुर्य रंगभूमीवर दिसतांच संतापावयाचें, हें कसें? चातुर्य तेंच होतें. फरक एवढाच कीं, तेंडुलकरांनीं त्याची किंमत देणारीं माणसें त्याच रंगमंचावर उभीं केलीं. प्रेक्षक संगीतानें डोलतो, नानांच्या नखऱ्यांस हंसतो, आणि मग त्याच नाचाच्या तालांत घाशीरामाची मुलगी गौरी नाहींशी झालेली त्यास कळतें. आपण हंसलों तेव्हां कशास हंसलों, हा प्रश्न घेऊन तो घरीं जातो. नानांच्या मोहिनीस हें नाटक नाकारीत नाहीं. मोहोनी तशीच ठेवून तें तिचा हिशेब मांडतें.

ह्यावरून आमचा निष्कर्ष असा. दुर्जन नायकावर लुब्ध होणारा प्रेक्षक दुर्जन नसतो, आणि त्यास नीतिपाठ देऊन किंवा नाटकें बंद पाडून कांहीं साधत नाहीं. कौशल्याचें कौतुक आणि गुपितांत वाटा मिळाल्याचें सुख हीं मनुष्यस्वभावाचीं अंगें आहेत; तीं काढून टाकलीं तर नाटकच काय, इतिहासहि वाचवणार नाहीं. भीति निराळीच आहे. रंगभूमीवर लागलेली संवय बाहेरहि टिकते. जो कारभारी, जो पुढारी, जो व्यापारी डाव सफाईनें उलटवितो त्यास आपण 'मोठा हुशार' म्हणतों, आणि त्या हुशारीचें देणें कोणीं फेडलें हें विचारण्याचें विसरतों. घाटगे पुण्यास आले तेव्हां लोकांस तें देणें कळलें. पण तोंपर्यंत कौतुक करण्याची वेळ होऊन गेली होती.

आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगत आलों आहों कीं, कपटनायक आवडला तर लाजूं नका. परंतु पुस्तक मिटण्यापूर्वीं एकदां पाहा, कीं ह्या कथेंत असूनहि ज्याच्यावर उजेड पडला नाहीं असा कोण आहे. महाडच्या तहाचें साल परीक्षेंत विचारतात आणि मुलें तें बिनचूक लिहितात. गंगाधरपंत भानूंचें नांव कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. तें एकदां यावें, आणि महाडच्या तहाच्या प्रश्नाशेजारींच यावें, अशी आमची इच्छा आहे.